कुंडी उचलून बघताना

एर्मेलिंदा बाय स्विंडनला लेकीकडे गेल्या
तेव्हा माझ्याकडे राहिलं ते एवढंच:
एक रेनकोट, मला आखूड,
आणि सार्डिनच्या डब्यात लावलेलं
मुठीएवढं झाड.

पानं कसली, बोटांची पेरंच ती,
जाड, हिरवी, टोकाला पारदर्शक.
"टोकांना खिडक्या असतात त्याच्या," त्या म्हणाल्या
आणि रायबंदरच्या त्यांच्या खिडकीकडे बोट केलं,
जिथे काचेच्या जागी अजून
शिंपल्यांचे चौकोन आहेत, दुधाळ.
"तशाच. ऊन आत घेतात, पण गाळून."
मग फाटकाशी, बॅग उचलता उचलता:
"उदक चड घालूं नाका, उल्हास."

मी घातलं.
चोडणच्या फेरीवर दोर टाकणारा माणूस,
पगार पाण्यावर, झोपेतही पाणीच.
ड्यूटीला निघताना एक कप,
रात्री परतल्यावर, कोणाशी तरी बोलायचं म्हणून,
आणखी एक.

आषाढात भिंतींना घाम सुटला,
पट्ट्यावर बुरशी, मिठाच्या बरणीत पाणी,
तीन काड्या ओढल्या तरी आगपेटी गप्प.
झाड मात्र तेव्हा सगळ्यात देखणं दिसत होतं,
फुगलेलं, गोबरं.
मी फोटो पाठवला. लिहिलं, मजेत आहे.

एका मंगळवारी मधल्या पानाला बोट लावलं
तर पान बोटाबरोबर आलं
आणि वास आला
होडीच्या तळाशी साचलेल्या पाण्याचा.

आमचा इंजिनवाला शाबा मळीक म्हणाला,
"टाकून दे रे. म्हापशाला शुक्रवारी साठ रुपयांत मिळतं."
खरं होतं ते.

ब्लेड गॅसवर धरलं.
काळं कापलं, तपकिरी कापलं,
पांढरं लागेपर्यंत कापत गेलो.
उरला चार पानांचा बुंधा, मूळ एकही नाही.
वर्तमानपत्रावर ठेवला, निधनवार्तांच्या पानावर,
दुसरं पान हाताशी नव्हतं म्हणून.
पाच दिवस. पाणी नाही, माती नाही.
काही न करण्याचं इतकं काम
मी आयुष्यात केलं नव्हतं.

डब्याला खिळ्याने पाच भोकं पाडली
(तिथेच चुकलं होतं; बाय चमच्याने द्यायच्या,
त्यांना भोकांची गरज पडली नाही).
शेजारच्या पडक्या कुंपणाचा चिरा फोडून चुरा,
खाडीची वाळू, खार जाईस्तोवर धुतलेली,
काजूच्या लाकडाचा कोळसा.
मातीपेक्षा दगडच जास्त.
त्यात तो बुंधा टेकवला, लावला असं म्हणवत नाही.

पाणी कधी द्यायचं हे झाड सांगत नाही
आणि माती खोटं बोलते,
वर कोरडी, आत ओली.
बरेच दिवस गोंधळलो. मग सुचलं,
अरे, हे तर मला येतं.
बावीस वर्षं मी सांगत आलोय
फेरी पाण्यात किती बसली ते;
एक टेम्पो जास्त चढला
की डोळ्यांआधी तळपायांना कळतं.

म्हणून आता डबा उचलून बघतो.
जड. ठेवून देतो.
जड. ठेवून देतो.
नवव्या दिवशी, कधी अठराव्या,
डबा हाताला असा लागतो
की घरातलं माणूस उठून गेलंय.
तेव्हा दोन चमचे, कडेकडेने.

मार्गशीर्षात बायचा मेसेज आला:
इथे खिडकी मोठी आहे. ऊन नाही.
झाडाचं विचारलं नव्हतं.
मीही कुजल्याचं कधी कळवलं नव्हतं.

आज पहाटे, पहिल्या फेरीच्या आधी,
टॉर्च धरला तर बुंध्याशी
नखाएवढं एक पिल्लू.
त्याच्याही टोकाला खिडकी,
मोहरीएवढी,
आणि टॉर्चचा उजेड तिच्यातून आत गेलेला.

फोटो काढायला खिशातून फोन काढला,
परत ठेवला.
धक्क्यावरून शाबाने हाक मारली.
डबा उचलून बघितला.
रिकाम्याहून थोडा जड.
ठेवून दिला.